खालच्या खाचराचं पाणी

रविवार, नऊ नोव्हेंबर. सकाळी साडेदहा, कडावच्या घराची पडवी. हजर: दादा, वहिनी, जमीन घेऊ पाहणारे गृहस्थ, त्यांचे वकील, एजंट आणि मी. चहा दोनदा. बैठक पावणेबाराला संपली.

वहीत एवढंच आहे, आणि त्याखाली मी घरून लिहून नेलेले सतरा प्रश्न. त्यांतले तीनच त्या दिवशी विचारून झाले.

विषय आमच्या भातजमिनीचा होता. वडील गेल्यावर कालव्याकडची पाऊण एकर जमीन दादाच्या आणि माझ्या नावावर लागली. मी कर्जतला राहते, एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. जमीन कसली ती वहिनीने, कारण दादाचं सगळं आयुष्य खोपोलीच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेलं. तो निवृत्त झाला तेव्हा दोन्ही गुडघे गेले होते. खाचरात पाय रुतला की त्याला बाहेर काढायला दोन माणसं लागतात. मुलगा पुण्यात आहे, आणि आपण शेतीला परत येणार नाही हे त्याने स्वच्छ सांगितलं आहे. तेव्हा जमीन विकायची आणि कर्जतला तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, असं नवराबायकोचं ठरलं. मला विचारलं, मी लगेच हो म्हटलं.

आमच्याकडे जमिनीचा सौदा एकाच गाडीतून घरी येतो. पुढच्या सीटवर एजंट, मागे घेणारा, आणि घेणाऱ्याच्या शेजारी मांडीवर फाइल ठेवून वकील. गाडीतून उतरल्यापासून एजंट त्या वकिलांचा उल्लेख ‘आपले वकील’ असा करतो, आणि दुसऱ्या चहापर्यंत विकणाराही तसंच म्हणू लागतो. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत मी हे पाहिलं आहे. विकणाऱ्याने स्वतःचा वकील केला असं फारसं कुणी सांगत नाही. घेणाऱ्याला कागद तपासावे लागतात, आपल्याला कशाला, आपली तर स्वतःचीच जमीन, असा सगळ्यांचा हिशेब.

माझ्या यादीतला पहिला प्रश्न होता: वकीलसाहेब, तुमची फी कोण देणार?

 दादा स्वतःच्या चपलांकडे बघू लागला. एजंटने मध्ये पडून मला समजावलं की ताई, एका वकिलात दोघांचं काम होतं, दोन वकील आले की दोन तोंडं आली, मग सौदा लांबतो. वकील मात्र सरळ माणूस निघाले. म्हणाले, “फी हे देणार. त्यामुळे मी यांचा. तुमचं वाईट करणार नाही, पण तुमचं बघणं हे माझं काम नाही.” मी ते शब्द तसेच लिहून घेतले. पुढच्या तीन महिन्यांत त्या माणसाबद्दल माझं मत कधी खाली आलं नाही.

गाडी गेल्यावर दादा बोलला. घरी आलेल्या माणसाला तुला पगार कोण देतो असं विचारायचं असतं का, हे त्याचं पहिलं म्हणणं. दुसरं असं की त्याने शब्द दिला होता, पेढे वाटून झाले होते, आणि आता मी वकील लावणार म्हणजे त्या माणसावर अविश्वास दाखवणार.

“तुझ्या असल्या वह्यांनी मानसं तुटतात,” तो म्हणाला.

यावर माझ्याकडे माझ्याच घराचं उदाहरण होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी कर्जतला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्याच वकिलाने सगळं करून दिलं. मी फक्त सह्या केल्या आणि वकिलाचे पैसे वाचले म्हणून शाळेत सगळ्यांना सांगत सुटले. फ्लॅट माझा झाला. इमारतीखालची जमीन मात्र अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. ती कधी करून द्यायची, हे करारात मोघम लिहिलं होतं आणि तो मोघमपणा माझ्या बाजूने वाचणारं तिथे कुणी नव्हतं. दर वर्षीच्या सभेत तो विषय येतो, दर वर्षी पुढे ढकलला जातो. हल्ली कुणी विचारलं की वकील लागतोच का, तर मी हेच सांगते: कागद कुणी लिहिला यापेक्षा तुमच्या बाजूने तो कुणी वाचला, ते पाहा.

दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, कर वकील, पण त्या माणसाला कळू देऊ नको. मी म्हटलं, कळेलच.

वकील शोधताना मी जमीन घेतलेल्यांना विचारलं नाही, विकलेल्यांना विचारलं. तिघांपैकी दोघांनी एकाच बाईंचं नाव घेतलं. तहसील कचेरीजवळच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे. जिना इतका अरुंद की दादाला तो अंग तिरकं करून चढावा लागला. बाई माझ्याच वयाच्या. बोलताना समोरच्या कागदावरून नजर उचलायच्या नाहीत, पण ऐकायच्या सगळं. मी यादी काढली आणि त्यांनी एकेका प्रश्नाला एकेका वाक्यात उत्तर दिलं. फी टक्क्यांत की ठरलेली? ठरलेली, आणि त्यात काय येतं ते लिहून देते. वकील कधी गाठायचा? साठेखतावर, म्हणजे खरेदीच्या आधीच्या करारावर, सही करण्यापूर्वी. सही करून आलात तर मी तुमच्याबरोबर हळहळू शकते. तीस वर्षांचे कागद शोधायचं काम तुमचं का? नाही, ते घेणाऱ्याच्या वकिलाचं. मग तुमचं काय?

“त्यांचा वकील जमिनीचं मागचं बघतो,” बाई म्हणाल्या. “मी पुढचं बघते. सही केल्यावर तुमच्या गळ्यात काय काय राहतं, ते.”

त्यांनी मागितलेले कागद मी आठ दिवसांत जमवले: सातबारा, वडिलांनंतरच्या वारसनोंदीचा फेरफार, जुना नकाशा, आमची ओळखपत्रं. मधल्या काळात घेणाऱ्यांच्या वकिलांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली की या जमिनीवर कुणाचा काही हक्क असेल तर चौदा दिवसांत कळवावं. ते वर्तमानपत्र कडावात कुणाकडे येतं हे मला आजतागायत समजलेलं नाही. मी स्टेशनवरून अंक घेतला, कात्रण वहीत चिकटवलं. चौदा दिवस गेले, कुणाची हरकत आली नाही. मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

मग साठेखताचा मसुदा आला. तो वाचायला बाईंनी आम्हाला बोलावलं. सहीला मी आणि दादा, पण वहिनीला बाजार करायचा होता म्हणून तीही आली आणि दाराजवळच्या बाकावर भाजीची पिशवी पायांत धरून बसली. बाई एकेक कलम मोठ्याने वाचत आणि साध्या भाषेत सांगत. मी शेजारी खुणा करत होते. सातव्या का आठव्या कलमात असं होतं की सदर मिळकतीवर जाण्यायेण्याचा, पाण्याचा, वहिवाटीचा वा अन्य कोणताही हक्क कोणासही नाही, आणि खरेदीदारास ती कुंपणाने बंदिस्त करण्याचा पूर्ण अधिकार राहील. बाईंनी आमच्याकडे पाहिलं. दादाने मान हलवली. कर्ज नव्हतं, कूळ नव्हतं, भाऊबंदकी नव्हती. मीही खूण केली.

“मंग चाचांचं पानी?” वहिनी बाकावरून म्हणाली.

मग ती जरा वरमली आणि पिशवीतली मेथी नीट करू लागली. पण बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

चाचा म्हणजे आमच्या खालच्या शेताचे धनी. गावातल्या दोन-चार मुसलमान घरांपैकी एक त्यांचं. पूर्वी त्यांचा टेंपो होता. सकाळी गावचं दूध आणि संध्याकाळी गावची माणसं त्यातून कर्जतला जात-येत. टेंपो विकल्यावर ते पूर्णपणे शेतीत उतरले. कालव्याचं पाणी डिसेंबरात सुटतं आणि त्यावर इथे उन्हाळी भात होतं. ते पाणी आमच्या वरच्या कोपऱ्यात येतं. आमची चार खाचरं एकाखाली एक आहेत. ती भरली की शेवटच्या बांधाची ढेकळं काढून तोंड पाडायचं, की पाणी चाचांच्या शेतात उतरतं. त्यांच्या जमिनीला कालवा दुसरीकडून कुठेच लागत नाही. हे माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. वडील होते तोवर बांधाचं तोंड ते पाडत, नंतर वहिनी. मी लहानपणी त्या तोंडात कागदाच्या होड्या सोडल्या आहेत. सतरा प्रश्न लिहिताना मला ते आठवलं नव्हतं, कारण तो प्रश्न आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

बाईंनी विचारलं, किती वर्षं, आणखी कुणाला माहीत आहे, सातबाऱ्यावर कुठे नोंद आहे का. नोंद नव्हती. मग त्यांनी सांगितलं ते मी शब्दशः लिहिलेलं नाही, पण मतलब असा: इतकी वर्षं उघडपणे वापरलेल्या पाण्याचा हक्क नोंदीशिवायही तयार होऊ शकतो, पण तो सिद्ध करायला चाचांना कोर्टात जावं लागेल. आणि तिथे त्यांच्याविरुद्ध पहिला कागद पुढे येईल तो आमच्या दोघांच्या सहीचा, की असा हक्क कुणालाच नाही. उलट चाचा जिंकले, तर घेणारा आमच्या मागे येईल, की तुम्ही मला खोटं लिहून दिलंत.

दादा म्हणाला, हे कलम नुसतं वगळून टाका, पाण्याचं नावच नको.

“आत्तापर्यंत तसं करता आलं असतं,” बाई म्हणाल्या. “आता मी ऐकलंय. तुम्हीपण ऐकलंय.”

खाली उतरून आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. दादा फार चिडला होता आणि त्याचा सगळा राग वहिनीवर निघाला. पाणी काय कुणाच्या बापाचं असतं, चाचा काय कोर्टात जाणार आहेत, आणि हे ऐकून तो घेणारा माणूस पळून गेला तर खोल्यांचं काय. खोल्यांचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता.

“पळूंदे की,” वहिनी म्हणाली. “त्याचं गुडघं चांगलं हायत.”

दादाला हसू आलं आणि ते त्याने चहात बुडवलं. पण प्रश्न तिथेच होता आणि तो चेष्टेचा नव्हता. कुंपण पडलं, आतल्या खाचरांत भर टाकून आंब्याची कलमं लागली, की चाचांचं उन्हाळी भात संपलं. वर्षाचं निम्मं पीक. सत्तरीच्या माणसाने त्यानंतर काय करायचं?

पुढच्या रविवारी मी घेणाऱ्या गृहस्थांना शेतावर बोलावलं आणि चारही खाचरांतून चालवत खालच्या बांधापर्यंत नेलं. ते निवृत्त इंजिनियर, डोंबिवलीला राहणारे. गावाकडे थोडी शेती असल्यामुळे शेतकरी दाखला असलेले. त्यांना इथे छोटं घर बांधून शनिवार-रविवार यायचं होतं. माणूस सज्जन. सगळं ऐकून म्हणाले की पाणी जाऊ दे की, माझी काय हरकत, मी कशाला कुणाचं पाणी अडवीन? मी म्हटलं, मग तेवढं लिहूया. त्यावर ते थांबले. लिहिलं की जमिनीवर बोजा येतो, उद्या मुलांना विकायची झाली तर किंमत पडते, असं त्यांच्या वकिलांनी सांगितलं होतं.

“मी शब्द देतो ना,” ते म्हणाले.

मला त्यांच्या शब्दाबद्दल शंका नव्हती. मी त्या दिवशी घरी जाताना रिक्षात तेच डोक्यात घोळवत होते. वडिलांचा शब्द एवढी वर्षं टिकला, तो काही त्यांच्या सज्जनपणाने नव्हे, निदान एकट्या सज्जनपणाने नव्हे. रोज सकाळी दोघं एकमेकांना बांधावर दिसत होते. एखाद्या दिवशी पाणी उशिरा सुटलं तर संध्याकाळी टेंपोत शेजारी बसायचंच होतं. शब्द पाळायला समोर माणूस लागतो. शनिवारी येऊन रविवारी जाणाऱ्या माणसासमोर चाचा कधी येणार? आणि त्या माणसाने पुढे विकली, तर नव्या माणसाने कुणाचा शब्द पाळायचा? कागद मला आवडतात म्हणून मी हे लिहीत नाही. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की माणसं जागेवरून हलणार असली की मगच कागद लागतो, आणि हलणारे आम्ही होतो.

घेणारे गृहस्थ अखेर तयार झाले. त्यांच्या वकिलांनी अट घातली की मोघम काही लिहायचं नाही. पाणी कुठून कुठे, किती रुंद वाटेने, कोणत्या महिन्यांत, हे ठरवायचं, बांधाकडेने पक्का पाट काढायचा, नकाशात दाखवायचं, आणि चाचांनी मान्यता देणारा पक्ष म्हणून खाली सही करायची. आमच्या बाईंनाही ते पटलं. नवीन कलम तयार झालं: नऊ इंची पाट, डिसेंबर ते एप्रिल. मला वाटलं, संपलं. आता फक्त चाचांना आनंदाची बातमी द्यायची.

मी गेले तेव्हा ते उन्हाळी भाताच्या रोपासाठी जागा भाजून झाल्यावर तिथे राख पसरत होते. हात धुऊन ओट्यावर आले. चाचीने चहा आणि खारी पाठवली. शाळेची, दादाच्या गुडघ्यांची, मग माझ्याही गुडघ्यांची, आमच्या घराण्यालाच हा आजार आहे का याची चौकशी झाली. मग मी कलम वाचून दाखवलं. दोनदा. त्यांनी दुसऱ्यांदा ऐकताना डोळे मिटले होते.

“ह्याच्यात माझं नाव कशाला?”

मी समजावलं: सही केलीत की पाणी तुमचं झालं, कुणी अडवू शकणार नाही.

“आज कोन अडवतंय?”

“आज वर आम्ही आहोत, चाचा. पुढच्या वर्षी नसू.”

 त्यावर त्यांनी एक हकिकत सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. एका पावसाळ्यात आमचा खालचा बांध फुटला. वडील रात्रभर न विचारता चाचांच्या शेतातली माती उचलून बांध घालत होते. सकाळी चाचांनी पाहिलं, घरी गेले, स्वतःची पाटी घेऊन आले आणि माती उचलू लागले. दोघं एक शब्द बोलले नाहीत. त्या वर्षी कालव्याला पाणी आल्यावर वडिलांनी बांधाला तोंड पाडलं, त्याबद्दलही कुणी काही बोललं नाही.

“तुझ्या बापानं दिलं नाय आन मी मागितलं नाय,” चाचा म्हणाले. “ह्यात सही कुठं करायची, बाय?”

मी म्हटलं, काळ बदलला आहे. हे वाक्य मी शाळेत पालकांना इतक्यांदा सांगते की ते आपोआप तोंडातून निघालं. ते हसले.

“काळाचं सोड. हे बघ. आज मला समदं पानी हाय. सही केली की नऊ इंच व्हनार.”

  नऊ इंच हा आकडा आम्ही चार शिकल्या माणसांनी दोन ऑफिसांत बसून काढला होता. आमच्यापैकी एकानेही कधी बांधाला तोंड पाडलेलं नव्हतं. मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. निघताना ते म्हणाले की कागद घेऊन येऊ नको, वहिनीला पाठव, पाणी ती सोडते, किती जातं ते तिला ठावं आहे.

वहिनी गेली. दोघांनी काय बोलणं केलं ते मला तिच्याकडूनच समजलं, आणि ती थोडक्यात सांगणारी बाई नाही. सार एवढं, की एका पाटाने भागत नाही. खालच्या शेताचे दोन तुकडे आहेत, एक उंच, एक सखल, आणि बांधाला दोन ठिकाणी तोंडं पाडावी लागतात. पाणी रोज लागत नाही, पाळी लागते, पण रोप लावलं की पहिले काही दिवस सलग लागतं. एप्रिलमध्ये बंद केलं तर दाणा भरत नाही. आणि नऊ इंच असो की बारा, उतार चुकला तर पाटात नुसते बेडूक राहतील. हे सगळं तिने वकीलबाईंसमोर त्याच बाकावर बसून सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. मध्येच विचारलं, तुम्ही मालक का नाही हो? वहिनी म्हणाली, मालकाला चिखल चालत नाही.

दादा ते ऐकत होता. त्या दिवशी घरी जाताना तो म्हणाला की खोल्यांच्या मालकाशी मी बोलतो, थांबला तर बरं, नाही तर दुसऱ्या बघू, कर्जतला तळमजले काय कमी आहेत.  त्याला एवढं म्हणायला किती कष्ट पडले असतील ते मला त्याच्या चालण्यावरून कळत होतं. खोल्यांचा मालक मेपर्यंत थांबायला कबूल झाला, तोवर तिथल्या भाडेकरूचं भाडं मिळत राहतं म्हणून.

कलम तिसऱ्यांदा लिहिलं गेलं. त्यात इंच नाहीत. खालच्या बांधाच्या दोन तोंडांमधून आज जसं जातं तसं, पीक उभं आहे तोवर, आणि पक्का पाट काढायचा झाला तर खालच्या मालकाने पाहून होकार दिल्यावरच, असं आहे. घेणाऱ्या गृहस्थांनी ते दोनदा वाचलं आणि पाट काढायची वेळ आली तर उतार मी स्वतः काढीन म्हणाले, इंजिनियरच ते. त्यांच्या वकिलांनी एकच आग्रह धरला, आणि तो मला रास्त वाटतो: ती दोन तोंडं कुठे आहेत हे मोजणी करून नकाशात दाखवा. जानेवारीच्या अखेरीस साठेखत झालं. निबंधक कचेरीत आमचे अंगठे, फोटो, सह्या सगळं सुरळीत पार पडलं. ताबा मात्र खरेदीखतालाच द्यायचा, आणि खरेदीखत नकाशा व चाचांची सही झाल्यावर, असं त्यात लिहिलेलं आहे.

मोजणीवाला एकदा येऊन गेला. पण तोवर खाचरांत पाणी चढलं होतं, चाचांची लावणी सुरू होती, आणि बांधाची तोंडं वहिनीने नेहमीसारखी पाडलेली होती. तो बांधावर उभा राहून म्हणाला की भात कापल्याशिवाय खुंटी ठोकता येणार नाही. चाचा वाकलेल्या अवस्थेतच होते. मी वरून विचारलं की चाचा, मोजणीच्या दिवशी याल ना बांधावर, खुंट्या तुमच्यासमोर ठोकायच्यात. त्यांनी रोपाची मूठ सोडवली, लावली, दुसरी घेतली.

“आधी भात होऊंदे,” ते म्हणाले. “मंग बघू.”

हो नव्हतं, नाहीही नव्हतं. सहीबद्दल तर त्यानंतर मी विषयच काढलेला नाही. वकीलबाई म्हणतात, आता घाई करू नका, चाचांचं चाचा पाहतील. घेणारे गृहस्थ दर रविवारी फोन करून भात किती आलं ते विचारतात. सुरुवातीला कागदासाठी विचारत असावेत, हल्ली बहुतेक भातासाठीच.

मोजणीवाल्याला मेच्या दुसऱ्या आठवड्याचं सांगून ठेवलं आहे. दोन खुंट्या आणि चुना दादाने आणून ठेवला आहे. चाचांना त्या दिवशी बांधावर आणायचं, ते अजून व्हायचं आहे.